इंग्रजी वाक्य उकलावे कसे?

(साजगाव येथे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



इंग्रजी व्याकरण, वाचन आणि परिच्छेदलेखन हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वकिलाने कायद्यावर बोलावे आणि व्याकरण मास्तरांकडे सोपवावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु वकिलाच्या धंद्यात निम्मा वेळ व्याकरणातच जातो. पक्षकार कागद घेऊन येतो. त्या कागदातील मुख्य क्रियापद कोणते, त्याचा कर्ता कोण, नकार कोठे बसला आहे, मध्ये 'आणि' आहे की 'किंवा' आहे, हे पाहिल्यावाचून त्या माणसाचा हक्क कोणता हे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. एके काळी मुंबई राज्यात ते आठवीत सुरू होत असे. तेव्हा आजच्या मुलांना संधी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. तरीही दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा घरी आलेले इंग्रजी पत्र हातात धरून दुसऱ्याच्या दारी जातो, असे मी वारंवार पाहतो. त्याला शब्द येतात, वाक्य येत नाही. म्हणून व्याकरणाची सर्व प्रकरणे बाजूस ठेवून आज मी वाक्यासंबंधीच बोलणार आहे. आणि त्यासाठी असे वाक्य निवडले आहे की ज्याच्याशी ह्या सभेत बसलेल्या प्रत्येक घराचा संबंध आहे.

भारताच्या राष्ट्रपतींनी १९५० साली अनुसूचित जातींसंबंधी एक आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदातील वाक्य आजच्या स्वरूपात असे आहे: 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कन्टेन्ड इन पॅराग्राफ टू, नो पर्सन हू प्रोफेसेस अ रिलिजन डिफरंट फ्रॉम द हिंदू, द सिख ऑर द बुद्धिस्ट रिलिजन शॅल बी डीम्ड टु बी अ मेंबर ऑफ अ शेड्युल्ड कास्ट.' हे वाक्य वहीत उतरवून घ्या. पाठ करण्याची आवश्यकता नाही.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे वाक्य संपेपर्यंत वाट पाहण्याची सवय आपणांस आहे. इंग्रजीत साधारणपणे कर्त्यामागोमाग क्रियापद येते. 'रामा आंबा खातो' ह्याचे 'रामा खातो आंबा' होते, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. कायद्याच्या इंग्रजीत मात्र कर्ता आणि क्रियापद ह्यांची ताटातूट होते. वरच्या वाक्यात कर्ता 'पर्सन', म्हणजे व्यक्ती, हा आहे. आणि त्याचे क्रियापद 'शॅल बी डीम्ड' हे कितीतरी शब्दांनंतर येते. मधल्या जागेत 'हू' ह्या संबंधी सर्वनामाने एक उपवाक्य आणून बसविले आहे. ते उपवाक्य 'हू'पासून 'रिलिजन'पर्यंत हाताने झाका. उरलेले वाचा: 'नो पर्सन शॅल बी डीम्ड टु बी अ मेंबर ऑफ अ शेड्युल्ड कास्ट.' कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही! हे ऐकून कोणीही दचकेल. आता हात काढा. कोणती व्यक्ती? हिंदू, शीख किंवा बौद्ध ह्या धर्मांहून वेगळा धर्म जी पाळते, ती. सांगाडा आधी आणि मांस नंतर, अशा क्रमाने लांब वाक्य वाचले म्हणजे त्याची भीती राहत नाही.

पुढची गोष्ट नकाराची. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येते. येथे 'नो' कर्त्याच्या डोक्यावरच बसला आहे. त्याशिवाय 'डिफरंट', म्हणजे वेगळा, ह्या शब्दात एक छुपा नकार आहे. दोन नकार एकत्र आले की अर्थ वळण घेतो. येथे तो असा होतो की हिंदू, शीख आणि बौद्ध ह्यांना हे वाक्य बाहेर काढीत नाही. पण सावध असा, ते कोणाला आतही घेत नाही. आत घेण्याचे काम दुसऱ्या परिच्छेदाचे, म्हणजे जातींच्या यादीचे आहे. आणि 'नॉटविथस्टँडिंग' हा अवजड शब्द म्हणतो की त्या परिच्छेदात काहीही म्हटलेले असले, तरी हे वाक्य त्याच्यावर चालेल. म्हणजे जातीचे नाव यादीत असूनही धर्माच्या शब्दावरून माणूस बाहेर राहू शकतो.

आपल्या लोकांचे नेमके तेच झाले. १९५० च्या मूळ वाक्यात हिंदू धर्माचेच नाव होते; शिखांतील काही जातींपुरता अपवाद केलेला होता. १९५६ साली संसदेने ते वाक्य दुरुस्त करून 'द हिंदू ऑर द सिख' असे केले. त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांस दिली. वाक्यात बौद्ध हा शब्द नव्हता. महाराष्ट्र राज्याने पुढे आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना देऊ केल्या, परंतु केंद्र सरकारच्या राखीव नोकऱ्या आणि विधिमंडळांतील राखीव जागा ह्यांच्या दारावर हेच वाक्य उभे होते. १९९० साली संसदेने पुन्हा दुरुस्ती केली. काय बदलले? 'हिंदू'नंतरचा 'ऑर' एक घर पुढे सरकला, त्याच्या जागी स्वल्पविराम आला आणि 'द बुद्धिस्ट' हे दोन शब्द घातले गेले. एवढ्यासाठी चौतीस वर्षे गेली. विरामचिन्हांचा धडा परीक्षेत दोन गुणांचा असतो म्हणून जो विद्यार्थी तो सोडून देतो, त्याने हा हिशेब आपल्या आजोबांना विचारावा.

ह्याच वाक्यातील 'प्रोफेसेस' ह्या क्रियापदावर सर्वोच्च न्यायालयात वाद झालेला आहे. १९६२ साली नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डॉ. मेश्राम महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारलेला असल्यामुळे त्यांना राखीव जागा लढविता येत नाही, अशी हरकत निघाली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम ह्या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. प्रश्न असा की 'प्रोफेस' म्हणजे मनात मानणे, की चारचौघांत सांगणे? न्यायालयाने अर्थ लावला तो उघडपणे जाहीर करण्याचा. डॉ. मेश्राम यांनी बौद्ध असल्याचे उघडपणे जाहीर केले होते असे न्यायालयाला दिसून आले आणि त्यांची निवडणूक रद्द झाली. शब्दकोशात एका शब्दापुढे चार अर्थ असतात. त्यांपैकी पहिलाच उचलून विद्यार्थी पुढे जातो. ह्या खटल्यात एका अर्थाने आमदारकी राहत होती आणि दुसऱ्याने जात होती. म्हणून शब्द अडला तर कोशातील सगळे अर्थ वाचा आणि ह्या वाक्यात कोणता बसतो ते ताडून पाहा.

आता 'शॅल' आणि 'मे' ह्या दोन साहाय्यकारी क्रियापदांकडे वळू. शाळेत 'शॅल' हे भविष्यकाळाचे चिन्ह म्हणून शिकवितात. कायद्यात ते बहुधा बंधनाचे चिन्ह असते. 'मे' हे सवलतीचे किंवा मुभेचे. संविधानाच्या अनुच्छेद ३३० मध्ये लोकसभेत अनुसूचित जातींसाठी जागा 'शॅल बी रिझर्व्ह्ड' असे म्हटले आहे. जागा राखल्याच पाहिजेत, त्यात शासनाच्या मर्जीचा प्रश्न नाही. नोकऱ्यांतील आरक्षणाचा अनुच्छेद १६ (४) मात्र 'नथिंग इन धिस आर्टिकल शॅल प्रिव्हेंट द स्टेट' असा सुरू होतो. येथेही 'शॅल' आहे. परंतु त्याचा कर्ता कोण? 'नथिंग'. ह्या अनुच्छेदातील कोणतीही गोष्ट राज्याला आरक्षण ठेवण्यापासून रोखणार नाही, एवढेच ते वाक्य सांगते. राज्याने आरक्षण ठेवलेच पाहिजे असे ते सांगत नाही. न्यायालयांनीही त्याचा अर्थ असाच लावला आहे की, ही तरतूद शासनाला अधिकार देते, बंधन घालीत नाही. सभांतून आपले वक्ते ही दोन कलमे एकाच दमात घेतात. कर्ता शोधण्याची सवय असती तर तसे झाले नसते.

हे सर्व दिल्लीतील झाले असे कोणी म्हणू नये. खालापूर तालुक्यात आज कारखाने आहेत, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे, आणि त्यामुळे इंग्रजी कागद येथील घराघरांत पोहोचला आहे. नेमणुकीच्या पत्रात 'द कंपनी मे एक्स्टेंड द पिरियड' असे असेल, तर मुदत वाढविणे कंपनीच्या इच्छेवर आहे. तेथे 'शॅल' असता तर मुलाला मुदतवाढ मागण्याचा आधार मिळाला असता. मुलाने सही करण्यापूर्वी हा एक शब्द पाहिला पाहिजे. कार्तिकातील साजगावच्या यात्रेत सुके बोंबील घेताना आपल्या आयाबहिणी जुडी उलटीसुलटी करून, वास घेऊन, मगच पैसे सोडतात. नोकरीच्या पत्राला त्याहून कमी तपासणी का असावी?

'अ' आणि 'द' ही उपपदेही अशीच तपासावी. मराठीत उपपद नसल्यामुळे आपण त्यांच्यावरून घसरून जातो. जमिनीच्या नोटिशीत 'अ पोर्शन' असेल तर कोणता तरी एक भाग. 'द पोर्शन' असेल तर आधी कोठेतरी वर्णन केलेला ठराविक भाग. असे दिसले की मागे जाऊन ते वर्णन शोधावे.

कर्मणी प्रयोगाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. संविधानाचा अनुच्छेद १७ 'अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड' असा आरंभ करतो. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. कोणी केली, हे वाक्यात नाही आणि येथे त्याची जरूरही नाही, कारण ते संपूर्ण संविधानच सांगत आहे. पण त्याच प्रयोगात कार्यालयातून पत्र येते: 'युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.' अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. कोणी केला? कोणत्या नियमाखाली? कोणत्या तारखेस? कर्मणी प्रयोगाने कर्ता पडद्याआड ठेवता येतो. असे वाक्य दिसले की त्याचा कर्ता शोधा, आणि पत्रात तो सापडला नाही तर तोच आपल्या उत्तराचा पहिला प्रश्न करा: हा निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तरतुदीनुसार घेतला, ते लेखी कळवावे. कित्येकदा ह्या एका प्रश्नाने थांबलेली फाईल हलते.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाडचे उदाहरण घ्या. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. परंतु त्याचे क्रियापद 'रेकमेंड्स', म्हणजे शिफारस करते, हे होते. हुकूम करते असे नव्हते. शिफारशीचा हुकूम आपोआप होत नाही. तो करवून घ्यावा लागतो. १९२७ सालच्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर जे घडले ते ह्या दोन क्रियापदांमधील अंतर पायांनी तुडविण्यासाठी होते, असे मी समजतो. पुढे तळ्याचा दिवाणी दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची आपली वहिवाट 'इममेमोरियल' आहे, म्हणजे माणसाच्या स्मरणापलीकडची आहे, असे वादींचे म्हणणे होते. जुनी आहे एवढे सिद्ध करून भागणारे नव्हते. शब्द 'इममेमोरियल' होता. तेवढी प्राचीनता त्यांना सिद्ध करता आली नाही आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तालुक्याच्या न्यायालयात आज मराठी चालते, परंतु संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज सामान्यतः इंग्रजीत चालते. निकालपत्र इंग्रजीत असते. ज्याच्यासंबंधी निकाल आहे त्याने तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा, ही स्थिती मला कमीपणाची वाटते.

आता लिहिण्याकडे येतो. आपल्या मुलांना अर्जाचा म्हणून जो परिच्छेद पाठ करविला जातो, त्याची सुरुवात बहुधा अशी असते: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट.' 'बेग' म्हणजे भीक मागणे. इंग्रजांच्या काळात ती शिष्टाचाराची ठरीव भाषा होती, आणि साहेबही एकमेकांना तसे लिहीत, हे मला माहीत आहे. पण त्या काळाला आता सत्तरांहून अधिक वर्षे लोटली. आपण 'जोहार' टाकला आणि 'जयभीम' घेतला. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत भीक कशासाठी? 'आय रिक्वेस्ट' लिहावे, म्हणजे मी विनंती करतो. त्यात सभ्यता पुरेशी आहे. शेवटी 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असे लिहून स्वतःला आज्ञाधारक नोकर म्हणवून घेण्याचेही कारण नाही. 'युवर्स फेथफुली' पुरते.

परिच्छेद म्हणजे एका विषयाची वाक्ये एके ठिकाणी. अर्ज घ्या. पहिल्या वाक्यात मागणी असावी: मला अमुक दाखला मिळावा. दुसऱ्यात मी कोण: नाव, गाव, तालुका. पुढच्या दोन-तीन वाक्यांत आधार: वडिलांचा दाखला अमुक तारखेचा, शाळा सोडल्याच्या दाखल्यात जातीची नोंद अशी आहे. शेवटी सोबत जोडलेले कागद. बस्स. आपली मुले काय करतात? आधी घरच्या गरिबीची कहाणी, मग आईचे आजारपण, मग समाजावरील अन्याय, आणि तिसऱ्या पानावर मागणी. कहाणी खरी असते, त्यात शंका नाही. परंतु टेबलावर शंभर अर्ज असलेला कारकून पहिल्या चार ओळी वाचतो. जातीच्या दाखल्यांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्यात आपला दावा सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर टाकलेले आहे. तेव्हा पुराव्याची तारीख कहाणीच्या आधी आली पाहिजे.

वाक्ये आखूड ठेवा. एका वाक्यात एक क्रियापद असले तर व्याकरणाच्या चुका निम्म्याने घटतात. तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यापुढे साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लागतो. हा नियम लहान आहे, आणि सर्वांत अधिक चुका तेथेच होतात. भूतकाळ घडून गेलेल्या गोष्टीसाठी वापरा, आणि तारीख घातली तर साधा भूतकाळच घ्या. 'आय हॅव सबमिटेड ऑन फिफ्थ जून' हे चूक. 'आय सबमिटेड ऑन फिफ्थ जून' हे बरोबर. बाकीचे काळ पुस्तकात आहेत.

अभ्यास करावा कसा, असे काही पालकांनी सभेपूर्वी विचारले. ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाही त्यांनी मुलांना काय मदत करावी? रामजी सुभेदारांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकमाला करवून घेतल्या होत्या. त्या पद्धतीत मुद्दा असा की इंग्रजी शिकायचे ते मराठीच्या आधाराने, मराठी सोडून नव्हे. एक इंग्रजी परिच्छेद घ्यावा. त्याचे मराठी करावे. मूळ पुस्तक मिटावे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच मराठीवरून पुन्हा इंग्रजी करावे. मग मुळाशी ताडून पाहावे. जेथे फरक दिसेल तेथे आपले व्याकरण कच्चे आहे. संविधानाची इंग्रजी प्रत आणि अधिकृत मराठी प्रत दोन्ही मिळतात. त्या शेजारी ठेवल्या तर महागड्या शिकवणीची गरज पडत नाही. रोज एक अनुच्छेद, अर्धा तास. अनुच्छेद १७ पासून आरंभ करावा, कारण तो दोनच वाक्यांचा आहे.

आणि आयांनी एवढेच करावे. मुलाने वाचलेले इंग्रजी त्याला घरच्या मराठीत सांगावयास लावावे. "म्हणजे कोणी काय करायचं?" असे विचारावे. त्याला ते सांगता आले नाही, किंवा सांगितलेले आईला कळले नाही, तर समजावे की त्याने वाक्य नुसते मोठ्याने म्हटले आहे, वाचलेले नाही. ह्या परीक्षेसाठी आईला इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची जरूर नाही. घरातील मुलीलाही मुलाइतकाच वेळ ह्या अभ्यासाला मिळतो की नाही, हे मात्र तिने पाहावे. पाण्याला, भाकरीला मुलगी आणि पुस्तकाला मुलगा, अशी वाटणी काही घरांत अजून चालू आहे.

सभा संपण्यापूर्वी एक काम देतो. पुढच्या रविवारी येताना प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक इंग्रजी कागद आणावा: विजेच्या बिलामागील सूचना, बँकेचे पत्र, विम्याची पावती, वडिलांच्या कारखान्यातील नोटीस, काहीही चालेल. त्यातील सर्वांत लांब वाक्य निवडावे. कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा ओढाव्यात, आणि 'नो', 'नॉट', 'मे', 'शॅल', 'अँड', 'ऑर' ह्यांपैकी जे शब्द असतील त्यांना गोल करावा. खाली पाच ओळींत, मराठीत, त्या वाक्याने कोणाला काय करावयास सांगितले आहे ते लिहावे. कागदावरील खाते क्रमांक झाकून आणावा.